याबेस नावाचे गाव, याबेस नावाचा माणूस

मराठी बायबलात 'इतिहास' या नावाची दोन पुस्तके आहेत. ज्यांनी बायबल श्रद्धेने वाचले आहे तेही पहिल्या पुस्तकाची सुरुवातीची नऊ प्रकरणे बहुधा उलटून पुढे जातात. कारण तिथे गोष्ट अशी नाहीच, नावे आहेत. आदामापासून निघालेली वंशावळ अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा अशी शेकडो नावांतून वाहत जाते. हिब्रू परंपरेत या ग्रंथाचे नाव 'दिव्रे हा-यामीम', म्हणजे शब्दशः 'दिवसांच्या गोष्टी', असे आहे. पण या पहिल्या नऊ प्रकरणांत दिवस कुठे दिसत नाहीत. दिसतात ती केवळ माणसे, आणि तीही नावापुरती.

मी या प्रकरणांपर्यंत पोहोचले ती एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. पंडिता रमाबाईंच्या गद्याविषयी वर्गात बोलत होते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली, आणि १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर ते काम हातावेगळे झाले होते, असे मी सांगत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, नावांचं भाषांतर कसं करतात?" नावांचे भाषांतर करत नाहीत, ती तशीच ठेवतात, असे ठरीव उत्तर मी दिले. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मलाच अपुरे वाटू लागले. नावाचा अर्थ जिथे ग्रंथ स्वतःच सांगतो, तिथे भाषांतरकार काय करत असेल? त्या शोधात 'इतिहास' उघडले आणि चौथ्या प्रकरणात याबेस भेटला.

यहूदाच्या वंशाची यादी चालू असते. नाव, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. आणि मध्येच, नवव्या ओवीशी, यादी थांबते. याबेस नावाचा कोणी एक माणूस आपल्या भावांपेक्षा अधिक प्रतिष्ठित होता, असे ग्रंथ सांगतो. मूळ हिब्रू शब्दात 'वजन' या अर्थाचा धातू आहे. आपण मराठीत 'वजनदार माणूस' म्हणतो, तसाच काहीसा. पुढचे वाक्य त्याच्या आईविषयी आहे. तिने त्याचे नाव याबेस ठेवले, कारण तिने त्याला वेदनेत जन्म दिला होता. त्यानंतर याबेस देवाकडे चार गोष्टी मागतो: मला आशीर्वाद दे, माझी सीमा वाढव, तुझा हात माझ्यासोबत असू दे आणि मला वेदना होऊ नये म्हणून संकटापासून राख. देवाने त्याचे मागणे पुरवले. बस्स. दोन ओव्या. पुढच्याच ओवीपासून यादी पुन्हा सुरू होते आणि याबेस परत कुठेही येत नाही. त्याच्या बापाचे नाव नाही, भावांची नावे नाहीत, मुलाबाळांचा उल्लेख नाही. ज्या ग्रंथात प्रत्येकजण कोणाचा तरी मुलगा म्हणूनच उभा आहे, तिथे हा माणूस फक्त आईचा म्हणून उभा आहे.

आता त्या नावाविषयी. हिब्रूत वेदनेसाठी 'ओत्सेव' असा शब्द आहे. त्याची व्यंजने आइन, त्सादे आणि बेत. याबेसच्या नावात, म्हणजे हिब्रू उच्चाराने 'याबेत्स' मध्ये, तीच व्यंजने आहेत. फक्त शेवटची दोन आपसांत बदलली आहेत. म्हणजे आईने मुलाला सरळसरळ 'वेदना' म्हटले नाही. वेदनेची अक्षरे जरा हलवली आणि नाव केले. मराठीत याचे प्रत्यंतर घ्यायचे तर 'दुख' या शब्दातील स्वर जागच्या जागी ठेवून व्यंजनांची अदलाबदल करून पाहावी, 'खुद' होते. भाषांतरात अर्थातच हे काही उरत नाही. 'याबेस' आणि 'वेदना' किंवा 'क्लेश' या शब्दांत मराठी कानाला एकही समान व्यंजन ऐकू येत नाही. त्या विद्यार्थिनीला मी दिलेले उत्तर इथे उघडे पडले. नाव तसेच ठेवले, आणि नेमके नावच हरवले.

हा शब्द ग्रंथात प्रथमच येतो असेही नाही. एदेन बागेतून बाहेर पडताना स्त्रीला जे सांगितले गेले, की तू वेदनेने मुले प्रसवशील, तिथेही हाच धातू आहे. याबेसची आई जणू त्या सार्वत्रिक वाक्यातला आपल्या वाट्याचा शब्द उचलते आणि मुलाच्या कपाळी लावते. उत्पत्तीच्याच पुस्तकात आणखी एक आई आहे, राहेल. बाळंतपणात मरता मरता तिने मुलाचे नाव 'बेनओनी', म्हणजे 'माझ्या दुःखाचा मुलगा', असे ठेवले. पण बाप जवळ होता. याकोबाने ते नाव बदलून 'बन्यामीन' केले, 'उजव्या हाताचा मुलगा'. पुढे तेच नाव चालले. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजात ते 'बेनाजी' होऊन मराठी झाले. जसे अब्राहामचे 'आबाजी' झाले आणि शमुवेलचे 'सामाजी'. राहेलने ठेवलेले नाव मात्र त्या एका ओवीपलीकडे गेले नाही. याबेसचे नाव बदलायला कोणी बाप तिथे नव्हता. म्हणून आईचा शब्द टिकला.

इथे मला थांबावे लागले, कारण हे सारे मी माझ्याच घरात ऐकले होते.

माझी आई जन्मली ती तिचे वडील वारल्यानंतर चार महिन्यांनी. साल १९५१. तिचे गाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे, पण ती जन्मली तेव्हा ते मध्य प्रदेशात होते. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून निघून नव्या गोंदिया जिल्ह्यात. गाव जागचे हलले नाही. आजीने त्या मुलीचे नाव 'दुःख' या शब्दावरून ठेवले. आमच्या झाडीपट्टीत आणि पलीकडे छत्तीसगडात अशी नावे नवलाची नाहीत. बुधवारी जन्मला तो बुधराम, मंगळवारचा मंगरू, तसाच दुःखाच्या दिवसांत आलेला दुखीराम. त्याच कुळातले हे नाव. ते मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळांवर बोटाने दुसरे नाव लिहिले. सुंदर, देवीचे नाव. मी लहानपणापासून आईचे तेच नाव जाणते. शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर, पुढे आधार कार्डावर तेच. जुने नाव मला कळले ते मी दहाव्या इयत्तेत असताना, मामाच्या गावच्या एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून. तिने अंगणातून त्या नावाने हाक मारली आणि आई 'ओ' देत उठली. मला लाज वाटली. कोणत्या आईने आपल्या लेकीचे नाव असे ठेवावे, असे वाटले. आजीविषयी मनात जी अढी बसली ती तिच्या मृत्यूपर्यंत गेली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशा' असे नाव असलेल्या २८० हून अधिक मुलींची नावे एका समारंभात बदलण्यात आली, त्याची बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती. मुलींनी आपली नवी नावे आपण निवडली होती. तेव्हा मनात म्हटले, आईचे नाव बदलले हे एका परीने बरेच झाले.

आजीच्या नावावर धानाची दीड एकर जमीन होती. तीन बांध्या आणि एक लहानसा तुकडा. आजी गेल्यावर वारस एकटी आई. वारस नोंदीसाठी जी वंशावळ करून द्यायची होती तिच्यात आईचे जन्मनाव आले, कारण गावच्या कागदांना तेवढेच माहीत. आधार कार्डावर सासरचे नाव. कचेरीने प्रतिज्ञापत्र मागितले की ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. मी आईला घेऊन एका अर्जनवीसाकडे गेले. त्याने ठरलेला मजकूर वाचून दाखवला. त्यात असे वाक्य होते की, पूर्वीचे नाव कागदोपत्री चुकीने नोंदले गेले असून खरे नाव अमुक आहे.

आई म्हणाली, "चूक कायची, भाऊ? माह्या मायनं ठेवलं होतं."

अर्जनवीस समजूतदार होता. म्हणाला, "मावशी, लिहिण्याची पद्धत आहे. काम सोपं होते."

"मंग पद्धत बदला," आई म्हणाली. "चूक मी नाई लिहू देणार."

मी तिला बाजूला नेले. मजकूर काय, कागदापुरता असतो, असे काहीतरी सांगू लागले. बोलता बोलता मनातले अनेक वर्षांचे तोंडातून निघून गेले. म्हटले, "आई, ते नाव टिकवण्यासारखं आहे का? नकोशी म्हणण्यासारखंच ते." आई माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मायनं मले नको कधीच नाई म्हटलं. तिले दुख झालं होतं, ते तिनं सांगून ठेवलं. कोनाले सांगनार होती ती?"

त्या दिवशी मला याबेस माहीत नव्हता. तो नंतर भेटला. पण भेटला तेव्हा मी त्याच्याकडे आईच्या या वाक्यातून पाहिले, आणि त्या दोन ओव्यांचा अर्थ लागला असे मला वाटते.

प्रथम त्या वंशावळीविषयी. 'इतिहास' हा ग्रंथ बाबेलच्या बंदिवासातून लोक परतल्यानंतर, बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवीसनापूर्वी चौथ्या शतकाच्या आसपास, रचला गेला. परतलेल्या लोकांपुढे प्रश्न होता, की ही भूमी कोणाची, कोणत्या गावाशी कोणत्या घराण्याचे नाते. म्हणून त्या याद्यांत माणसे आणि गावे एकमेकांत मिसळलेली आहेत. शोबाल हा 'किर्याथ-यारीमचा बाप', सल्मा हा 'बेथलेहेमचा बाप'. आणि किर्याथ-यारीम, बेथलेहेम ही तर गावे आहेत. इथे 'बाप' म्हणजे गाव वसवणारा. वर्गात हे समजावणे अवघड जाईल असे वाटले होते, पण आमच्या मुलांना ते चटकन उमगते. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीस बांधला असे सांगतात. तलावाभोवतीच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि कोलू पाटील आता कोलासूर देव होऊन तिथेच बसले आहेत. माणूस, देव आणि जागा यांची नावे एकमेकांत कशी विरघळतात हे पाहायला आम्हाला यहूदापर्यंत जावे लागत नाही. कोकणात तर या ग्रंथाच्या वारसांनीच उलटा प्रवास केला. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे घेऊन बेने इस्राएलांनी गावे माणसांच्या नावात आणली. तेव्हा 'इतिहास' या पुस्तकाची नऊ प्रकरणे म्हणजे एका अर्थी परतलेल्या लोकांचे वारस-पत्रकच. ती कंटाळवाणी वाटतात ती ज्याची जमीन त्यात अडकलेली नाही त्याला.

आणि याबेस हे गावाचेही नाव आहे. दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरच्या ओवीत 'याबेस येथे राहणाऱ्या लेखकांची घराणी' असा उल्लेख येतो. ती केनी लोकांची, रेखाबाच्या घराण्याशी नाते सांगणारी. या गावाचा उल्लेख पुन्हा कुठेही येत नाही, आणि ते नेमके कोठे होते हे कोणाला दाखवता आलेले नाही. त्या गावाचा आणि त्या माणसाचा संबंध काय, हेही ग्रंथ सांगत नाही. पुढे ताल्मुदातील पंडितांनी तो जोडला. त्यांच्या मते याबेस म्हणजे शास्ते अथनिएलच. त्याने सल्ला दिला आणि धर्मविद्या वाढवली म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्यासाठी त्यांनी नावाच्या अक्षरांतून 'सल्ला' या अर्थाचा शब्द काढून दाखवला. व्युत्पत्ती चतुर आहे. पण तिच्यात आई नाही, आणि वेदनाही नाही. याकोबाने बेनओनीचे जे केले तेच पंडितांनी याबेसचे केले: नाव बदलता येत नव्हते, म्हणून अर्थ बदलला. आमच्या अर्जनवीसाचेही तेच चालले होते. कोणीच दुष्ट नव्हते. प्रत्येकाला ते नाव सोपे करायचे होते.

लेखकांचे एक अख्खे गाव होते, आणि त्या गावात लिहिलेली एक ओळही आपल्यापर्यंत आलेली नाही. आली ती एका आईने ठेवलेली एका शब्दाची नोंद. तिला लिहिता येत होते की नाही, कोण जाणे. माझ्या आजीला येत नव्हते. ती आयुष्यभर अंगठा लावत आली. नवरा गेल्यावर चार महिन्यांनी तिने काय सोसले याविषयी तिच्या हातचा कागद नाही, कोणी ते विचारलेही नसावे. तिने केलेली एकमेव रचना म्हणजे ते नाव. तिचे ते एका शब्दाचे आत्मचरित्र मी 'चुकीने नोंदले गेले' म्हणून खोडायला निघाले होते. आणि मी साहित्य शिकवते.

साताऱ्याच्या त्या समारंभाविषयी माझे मत यामुळे बदललेले नाही. 'नकुशा' हे नाव मुलीविषयी निवाडा देते, आणि तो निवाडा ती मोठी होईपर्यंत तिच्या अंगावर वागवायला लावणे क्रूर आहे. पण 'तू मला नको आहेस' आणि 'तू आलीस तेव्हा मी दुःखात होते' ही दोन वाक्ये एक नाहीत. मी त्यांत फरक केला नाही. ज्या बाईने तो शब्द जन्मभर अंगावर वागवला तिला मात्र तो फरक पक्का ठाऊक होता.

२००० साली ब्रूस विल्किन्सन या अमेरिकन धर्मोपदेशकाने याबेसच्या प्रार्थनेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि अडीच हजार वर्षे यादीत दबून राहिलेले नाव घरोघरी गेले. त्या लोकप्रियतेचा रोख मुख्यतः 'माझी सीमा वाढव' या मागण्यावर होता. त्यावर भरभराटीच्या लोभाची टीकाही बरीच झाली. मी आईला ही प्रार्थना सांगितली तेव्हा ती नेमकी इथेच अडली. "सीमा म्हणजे धुरा ना? धुरा वाढवाचा म्हणजे कोनाचा तरी खावा लागते," ती म्हणाली. ज्यांनी शेजाऱ्यांशी धुऱ्यावरून वैर पाहिले आहे त्यांची ही टीका कोणत्याही समीक्षकापेक्षा नेमकी आहे. शेवटचे मागणे मात्र तिला पटले. 'मला वेदना होऊ नये' या शब्दांत हिब्रूत पुन्हा तोच धातू येतो, जो आईने सांगितलेल्या कारणात होता. याबेस देवाकडे नाव बदलून मागत नाही. नावात जे आहे ते पुढे चालू नये, एवढेच मागतो. आणि ते मिळाल्यावरही ग्रंथ त्याला याबेसच म्हणतो.

असो. प्रतिज्ञापत्र दुसऱ्यांदा टंकित झाले. 'चुकीने' हा शब्द गेला. त्या जागी दोन्ही नावांमध्ये 'उर्फ' आले, आणि जन्मनाव आधी. कचेरीत ते चालले. एवढी धास्ती घेण्यासारखे काही नव्हतेच. आई गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली ती जुन्या नावाने, त्यामुळे हाताला वळण त्याच नावाचे. सासरच्या नावाची सही ती आजही एकेक अक्षर लावत करते. अर्जनवीसाने बोट ठेवले त्या जागी तिने प्रथम जुने नाव एका दमात लिहिले, मग नवे, सावकाश. त्याने खाली लिहिले: 'सही खुद्द'.

हा लेख लिहिताना मी आईला विचारले की तुझे ते नाव त्यात लिहू का. तिने थोडा विचार केला. म्हणाली, "सातबाऱ्यावर आहे ना? मंग झालं. लोकाइले कायले सांगतेस?"

म्हणून ते इथे नाही. पुढच्या वर्षी वर्गात तोच प्रश्न आला, तर नावे तशीच ठेवतात असे मी आता चटकन म्हणणार नाही. आधी विचारीन, की ते नाव कोणी ठेवले होते, आणि त्या दिवशी काय झाले होते.